माझ्या वाक्यांची देवी

“माणसाचा आवाज न्हाय तो,” चपला काढता काढता एक बाई दुसरीला म्हणाली.

“मग देवी काय तुझ्यामाझ्यासारखी बोलनार?” दुसरी म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन आत गेली.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या त्या घराच्या ओट्यावर मी आईच्या मागे उभी होते. दुपार होती. रस्त्यापलीकडे गोदामांच्या निळ्या पत्र्याच्या भिंती, त्यांना लागून उभे असलेले कंटेनर, आणि अलीकडे या ओट्यावर बायकांच्या चपलांचा ढीग. आतून घंटा वाजत होती, एकसारखी. धुपाचा धूर उंबऱ्यापर्यंत येऊन तिथेच घुटमळत होता. मग घंटा थांबली आणि आवाज आला.

“नमस्कार. मी कानांवर हात ठेवते तेव्हा मी उद्धटपणा करत नसते. मला आवाज दुखतो.”

आत कुणीतरी हुंदका दिला. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. ते वाक्य मी लिहिलेलं होतं, भिवंडीत कामतघरच्या आमच्या घरात, पलंगावर मांडी घालून. आवाजही ओळखीचा होता. फक्त तो फोनमधून येत नव्हता. एका मुलीच्या घशातून येत होता.

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी अजून नोकरीलाही लागलेली नाही. संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं, तेव्हा आईने विचारलं, “कुठल्या कामाबद्दल?” तिचा प्रश्न बरोबर होता. मी ऑटिझमबद्दल मराठीत छोटे व्हिडिओ करते आणि ते इंटरनेटवर टाकते. एवढंच काम. त्याला वेळ नाही, सुट्टी नाही, साहेब नाही, आणि लोक मात्र कारखान्याच्या पाळ्यांसारखे दिवसरात्र कधीही येतात.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. मराठीत त्याला स्वमग्न म्हणतात. तो शब्द मला पटत नाही, कारण माझी अडचण स्वतःत बुडून जाण्याची नाही. बाहेरचं सगळं एकदम आत येतं, ही आहे. ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या घरातली फोडणी, गळ्याशी टोचणारं कापड, आणि समोरचा माणूस काय बोलतोय ते, हे सगळं मला सारख्याच जोराने ऐकू येतं. त्यातलं महत्त्वाचं कुठलं, ते निवडायला वेळ लागतो. तोवर समोरच्याने माझ्याबद्दल मत बनवलेलं असतं. शाळेत मी घुमी होते, नातेवाइकांत शिष्ट होते. “इंग्लिश मिडियमची हाय ना, आपल्याशी कशाला बोलंल,” असं एक मावशी माझ्यासमोरच म्हणायची. खरं कारण मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

इंग्रजीत या विषयावर पुष्कळ आहे. मराठीत सापडलं ते एक तर डॉक्टरांचं होतं, नाही तर रडवणारं. म्हणून मी सुरुवात केली. व्हिडिओत माझा चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतात. बाबांचं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्या भागांचं दुकान आहे. तिथल्या जुन्या बॉबिनी, सूत गुंडाळायच्या नळ्या, मी रंगांनुसार लावत बसते, आणि वरून माझी वाक्यं ऐकू येतात. ती मी बोलत नाही. अनोळखी माणसं ऐकणार आहेत असं नुसतं मनात आलं तरी माझा घसा बंद होतो. मी लिहिते आणि फोनमधली वाचून दाखवणारी बाई ती वाचते. आई तिला ‘तुझी ती बाई’ म्हणते. त्या बाईला श्वास नाही. वाक्य कितीही लांब असो, ती एका दमात वाचते आणि प्रत्येक पूर्णविरामाला अगदी सारखीच थांबते.

पाहणाऱ्यांपैकी बहुतेक आया असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बरा होईल का? मी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मी विचारते, त्याला काय आवडतं? हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलेला नसतो. एक गृहस्थ नियमाने लिहितात की तुम्ही ऑटिस्टिक वाटत नाही. मी त्यांना कळवलं की तुम्ही माझी फक्त बोटं पाहिली आहेत. ते म्हणाले, बोटांवरूनच वाटत नाही.

कामतघरच्याच एका लूम कामगाराने एकदा हिंदीत आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्याचा मुलगा लूमच्या आवाजाशिवाय झोपत नव्हता आणि त्यांना गावी जायचं होतं. मी सांगितलं, लूमचा आवाज फोनमध्ये भरून न्या. काही दिवसांनी त्याचा गावाहून निरोप आला. त्यात बेडूक ओरडत होते, लांब कुठेतरी बैल हंबरला, आणि त्या सगळ्यामागे, शेतांच्या मधोमध, आमच्या गल्लीतली लूम चालू होती. “दीदी, बच्चा सो गया,” तो म्हणाला. “लेकिन गाँववाले पूछ रहे हैं, इधर लूम कब लगा?”

आवाज आपण सोडतो, तो कुठे जाऊन बसेल ते आपल्या हातात राहत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वळच्या सुगंधाताईंचा निरोप उन्हाळ्यात आला. त्यांनी लिहिलं होतं, “माझी तन्वी कधी बोलत न्हवती. आता बोलते. तुमच्या आवाजात बोलते. मला भीती वाटते.”

सुगंधाताई एका गोदामात पॅकिंगचं काम करतात. नवरा कंटेनरच्या गाडीवर असतो, घरी क्वचित. त्या कामावर असल्या की तन्वीला तिची मोठी काकी सांभाळायची. तन्वी भिवंडीत विशेष मुलांच्या शाळेत जायची. घरी आल्यावर तिला फोनवर माझे व्हिडिओ लावून दिले की ती शांत बसायची. बॉबिनी रांगेत लागताना बघायची. मग एक दिवस तिने तोंड उघडलं आणि फोनमधली बाई बाहेर आली. तसाच सूर. पूर्णविरामाला तेवढंच थांबणं.

त्याआधी तिच्या केसांचं झालं होतं. केस विंचरलेले तिला सहन होत नसत. आमच्यातल्या अनेकांना होत नाहीत, कंगवा टाळूवर ओरबाडल्यासारखा लागतो. ती किंचाळायची म्हणून विंचरणं सुटलं, आणि मानेमागे केसांची घट्ट गुंतवळ झाली. आमच्या भागात तिला गुंतवळ म्हणत नाहीत. तिला जट म्हणतात. जट देवी देते, आणि देवीने दिलेली जट कापायची नाही. म्हणजे आधी जट आली आणि मग माणसाचा नसलेला आवाज आला. बायकांनी दोन्ही जोडून पाहिलं. दर मंगळवारी तिला देवी म्हणून पाटावर बसवायला लागले.

सुगंधाताईंनी बोलावलं म्हणून आईला घेऊन मी रिक्षाने गेले, ती ही दुपार.

आत खोलीत उजेड कमी होता. भिंतीकडेला बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मधोमध पाटावर तन्वी होती, बारा-तेरा वर्षांची, मोठ्या बाईची हिरवी साडी अंगाभोवती गुंडाळलेली. मळवट कपाळभर. जटेला हळद चोळलेली. ती कुणाकडे पाहत नव्हती, भिंतीवर पंख्याच्या सावलीकडे पाहत होती. एक बाई पुढे सरकून विचारायची, तन्वी काहीतरी म्हणायची, आणि शेजारी बसलेली काकी त्याचा अर्थ सांगायची. वाक्य संपेपर्यंत तन्वी श्वास घेत नव्हती. संपलं की पाण्यातून वर आल्यासारखी धाप टाकायची. फोनमधल्या बाईला श्वास नाही, म्हणून तिने तोही सोडून दिला होता.

मी बसले आणि हात मांडीवर ठेवले. तिची नजर पंख्याच्या सावलीवरून उतरली आणि माझ्या बोटांवर आली. ती पाटावरून वाकली, माझा हात उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. चेहरा तिने कधी पाहिलेला नव्हता.

“ही कोन गं?” काकी म्हणाली. “कुठून आलीस बाय? काय इचारायचं हाय?”

आई बोलणार तेवढ्यात मी सवयीने फोनवर लिहिलं आणि बटण दाबलं. ‘मी हिच्या आईला भेटायला आले आहे. ती म्हणते ती वाक्यं माझ्या व्हिडिओतली आहेत.’

तोच आवाज माझ्या हातातून आला. तन्वीचा चेहरा उजळला. फोनची वाक्यं संपायच्या आत तिने आपलं पाठ वाक्य सुरू केलं, आणि तो सूर फोनमधून तिच्या तोंडात कधी गेला ते त्या अंधाऱ्या खोलीत सांगता आलं नसतं. मी काय लिहिलं होतं ते कुणी ऐकलं नाही. सगळ्यांनी फक्त आवाज ऐकला. बायकांनी हात जोडले, आधी तिला, मग मला. एक म्हातारी सरपटत आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवू लागली. मी पाय ओढून घेतले. आईने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

“मला वाटलं, आता तुला पण दुसऱ्या पाटावर बसवतात,” ती म्हणाली.

सुगंधाताई मागोमाग ओट्यावर आल्या. बारीक अंगाच्या, गोदामाच्या ओळखपत्राची पट्टी अजून गळ्यात. त्यांना समजावं म्हणून मी लिहून दाखवलं, या वेळी आवाज बंद ठेवून. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं हे आमच्यातल्या पुष्कळ मुलांचं बोलणंच असतं. अर्थ शब्दांत शोधायचा नसतो. ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय चाललं होतं, त्यात शोधायचा असतो. मी लहान असताना तहान लागली की ‘आता पाहू या हवामान’ म्हणायचे, कारण बातम्यांत ते लागायचं तेव्हा आमच्याकडे नळाला पाणी यायचं. आई घरभर सांगायची की पोरगी हवामान खात्यात जाणार.

सुगंधाताई हसल्या. मग म्हणाल्या, “जेवान नको झालं की ती म्हनते, ‘आजच्यापुरतं इतकंच. पुढे बघू.’”

माझा प्रत्येक व्हिडिओ त्या वाक्याने संपतो.

तेवढ्यात काकी दारात आली. तिने ऐकलं असावं. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. खाली बसली, पायरीवर, माझ्या जवळ.

“तू शिकल्याली हायस,” ती म्हणाली. “तुला ठाव असंल. पन मला एक सांग. ह्याच बायका हिला रस्त्यात बघून आपली पोरां घरात घेयाच्या. वेडी, वेडी करून दगड मारलेत हिला. तवा कोन आलतं? मी एकटी हिच्या मागं धावायची. आता त्याच पाया पडतात. तू उद्या सांगशील ही देवी न्हाय. बरं, न्हाय. मग परवापासून ही कोन? पुन्हा वेडीच ना?”

आजही मी त्या प्रश्नाशी पुष्कळदा भांडते. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, “बाई वाईट नाही ती.” वाईट असती तर सोपं झालं असतं.

पुढच्या आठवड्यांत माझ्या व्हिडिओंखाली वेगळ्या लोकांची ये-जा सुरू झाली; त्या खोलीतल्या कुणीतरी तो आवाज इंटरनेटवर शोधून काढला असावा. आधी नुसते जोडलेले हात. मग प्रश्न. ‘आई, जावयाचं काम होईल का?’ ‘आई, प्लॉटचं कधी?’ मी ऑटिझम आणि दातांच्या डॉक्टरांवर व्हिडिओ टाकला होता, त्याखाली कुणीतरी सुनेला दिवस जात नाहीत म्हणून लिहिलं होतं. एकाने फोटो पाठवला. भिंतीशी टेकवून ठेवलेला फोन, त्यावर माझे थांबवलेले हात, आणि काचेवर, बरोबर माझ्या बोटांवर, हळदकुंकू वाहिलेलं. मी बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिले. मग उगाचच जाऊन ते धुतले.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. कामतघरला वीज जाते तेव्हा अंधाराचं काही वाटत नाही, आवाजाचं वाटतं. लूम एका दमात थांबतात आणि रोज त्याखाली दबलेलं सगळं वर येतं. शेजारच्या घरात कुणीतरी खोकलं. नळ ठिबकत होता. आणि कुठूनतरी, भिंतीपलीकडून की खालच्या चाळीतून ते कळेना, फोनमधली बाई बोलत होती. कोण ऐकत होतं, कशासाठी ऐकत होतं, ऑटिझमसाठी की जावयासाठी? लूम पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मला पहिल्यांदाच त्यांचं बरं वाटलं.

मी सगळे व्हिडिओ काढून टाकायचं ठरवलं. सुगंधाताईंना कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. “काढू नका ताई. तिच्याजवळ तेवढंच बोलनं हाय. ते गेलं तर ती परत मुकी हुईल.”

म्हणून मी दुसरा उपाय केला. नवा व्हिडिओ केला, अगदी लहान. बॉबिनी लावता लावता वाक्यं: ‘मी देवी नाही. मी एक मुलगी आहे. माझी पूजा करू नका. मला समजून घ्या.’ मला वाटलं, याहून स्पष्ट काय सांगणार. तो पुष्कळांनी पाहिला, पुष्कळांनी पुढे पाठवला.

तन्वीनेही पाहिला. पुढच्या मंगळवारी पाटावरून तिने तो सबंध म्हणून दाखवला. सुगंधाताईंनी दाराआडून केलेलं रेकॉर्डिंग मला पाठवलं. धुराने भरलेल्या खोलीत ते निर्जीव, गोड शब्द एकेक करून पडतात: मी देवी नाही. मी एक मुलगी आहे. मग सगळी खोली रडू लागते आणि काकीचा भरलेला आवाज येतो, “लेक म्हनून आलीय गं आई आपल्याकडं. लेक म्हनून सांभाळा म्हनते.”

मी ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलेलं नाही. ही माझ्या कामातली सगळ्यात मोठी गोची आहे आणि तिच्यावर कुठल्याच कार्यशाळेत काही सांगत नाहीत. त्या आवाजात मी जे जे म्हणेन ते ते देवीचंच होणार होतं. खंडनसुद्धा.

मग सुगंधाताईंचा निरोप आला की येत्या मंगळवारी पाट झाल्यावर तन्वीला वज्रेश्वरीला नेणार. गरम पाण्याच्या कुंडावर अंघोळ, देवीपुढे ओटी, आणि तिला देवीची म्हणून सोडायचं. त्यानंतर जट कधी कापायची नाही, शाळेत धाडायचं नाही, लोकांसाठी रोज बसायचं. नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं, मोठी वहिनी म्हणेल तसं करा. “मी आई हाय तिची,” त्यांनी लिहिलं होतं, “पन त्या खोलीत माझं तोंड उघडत न्हाय. तुमी या.”

तोंड न उघडणाऱ्या बाईने मदतीला बोलावलं ते मला. यातला विनोद आईच्याही लक्षात आला. ती रिक्षा थांबवायला पुढे गेली.

अंगणात जीप उभी होती, बॉनेटवर झेंडूच्या माळा. या वेळी ओट्यावर चपला मावत नव्हत्या. सुगंधाताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, आत आणि बाहेर यांच्या मध्ये.

“सकाळपासून उपास हाय तिला,” त्या हळूच म्हणाल्या. “नुसतं दूध आणि पानी पाजतात. मघापासून नुसतं तेच, तांब्यावर तांब्या.”

मी आत जाऊन बसले. काकीने मला ओळखलं आणि मानेने ‘बस’ अशी खूण केली. त्यात राग नव्हता. विनवणी असावी. घंटा वाजवणारी बाई तन्वीच्या कानाशीच बसली होती. घंटेच्या प्रत्येक ठोक्याला तन्वीच्या पापण्या मिटत होत्या, पण ती कानांवर हात ठेवत नव्हती. हातांत तिच्या नारळ दिला होता.

एक बाई पुढे आली. तिच्या मुलाला गोदामातल्या अपघातानंतर पाठीचं दुखणं लागलं होतं. तिने डोकं टेकून विचारलं, “उभा राहील का माझा पोरगा?” तिने हे असं विचारलं की तिथे हसण्यासारखं, चिडण्यासारखं काही उरलं नाही. मलाच वाटलं, देवी असती तर बरं झालं असतं.

तन्वी म्हणाली, “आजच्यापुरतं इतकंच. पुढे बघू.”

“हुईल,” काकी म्हणाली. “पुढं बघू म्हनते. उशीर लागंल, पन हुईल.”

बाई डोळे पुसत मागे सरली. दुसरी पुढे आली. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

“आजच्यापुरतं इतकंच. पुढे बघू,” तन्वी म्हणाली. मग लगेच पुन्हा. आता मध्ये पूर्णविरामाचं थांबणं नव्हतं. फोनमधली बाई इतकी घाई कधीच करत नाही. खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, जायची वेळ झाली, आईला वज्रेश्वरीची ओढ लागली. बायका उठून उभ्या राहू लागल्या, जयजयकार सुरू झाला, घंटा जोरात वाजू लागली.

सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. मला माणसांच्या तोंडाकडे पाहता येत नाही, म्हणून मी खाली पाहत होते. साडीच्या काठाखाली तिची पावलं दिसत होती. पायांची बोटं पाटाच्या कडेला रुतली होती, नखं पांढरी पडली होती. एक घोटा दुसऱ्यावर दाबलेला. गुडघे एकमेकांना घट्ट लावलेले, आणि अंगभर एक बारीक थरथर, जिला बायका वारं म्हणत होत्या.

ते बसणं माझ्या ओळखीचं होतं. पाचवीत मी तसंच बसायचे. भूक, तहान, लघवी या गोष्टी आमच्यातल्या अनेकांना फार उशिरा कळतात, आणि कळतात तेव्हा वेळ उरलेला नसतो. ‘मिस, मे आय गो टू द टॉयलेट’ हे वाक्य मला तोंडपाठ होतं. घरी आरशासमोर मी ते अस्खलित म्हणायचे. वर्गात ते एकदाही बाहेर पडलं नाही, आणि एकदा जे व्हायचं ते झालं, चाळीस डोळ्यांसमोर, आणि मग वर्ष संपेपर्यंत माझं बाक वेगळं. पाटावर तसं काही झालं तर या खोलीतले जोडलेले हात किती वेळ जोडलेले राहतील, हे मला दिसत होतं. ‘परवापासून ही कोन?’ या काकीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच, जमिनीवर पडलं असतं.

तिला गाडीकडे न्यायला दोघीजणी तिच्या काखेत हात घालत होत्या. तन्वीने धाप टाकली आणि पंख्याच्या सावलीवरून नजर काढून माझ्या बोटांकडे पाहिलं.

फोन माझ्या हातात होता. अंगठा सवयीने काचेवर गेलाही होता. पण आता तो आवाज काढून उपयोग नव्हता. तिच्यासाठी त्या खोलीत एकच आवाज चालला असता, ज्याच्यापुढे कुणी हात जोडणार नाही असा. मी फोन मांडीखाली सरकवला. दारात सुगंधाताईंचे ओठ हलत होते, पण त्यांतून काही येत नव्हतं. मी उठून उभी राहिले. घसा नेहमीसारखाच बंद होता. मी तो उघडायची वाट पाहिली नाही, बंद असतानाच ढकलला. जे बाहेर आलं ते पातळ होतं, चिरकं होतं, आणि मध्ये एकदा श्वासासाठी तुटलं. घंटा वाजवणारी बाई थांबून माझ्याकडे बघायला लागली.

“काकी,” मी म्हणाले, “तन्वीला शू लागली आहे. मी घेऊन जाऊ का तिला?”